माळ्यावरचं इरलं

आयटी पार्कच्या सावलीतल्या गावात एका जुन्या घराची आवराआवर सुरू झाली आणि एक साधा प्रश्न समोर आला : ही वस्तू कुणी बनवली?

आमचं माणमधलं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा माळा रिकामा करायचं काम माझ्यावर आलं. परीक्षा संपली होती, हाताशी दुसरं काही नव्हतं, त्यामुळे पळवाटही नव्हती. जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहणार, वरच्या मजल्यांवर आयटीवाल्यांना खोल्या भाड्यानं देणार, असं बाबा-काकांचं गणित पक्कं झालं होतं. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आमच्या माणच्या हद्दीत आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. आमच्याकडे शेत विचारायला कुणी येत नाही. विचारतात ते ‘वन आरके आहे का?’

माळ्यावर काय नव्हतं! फुटलेली कणगी, कोंबड्या झाकायचं डालगं, दोरीचं शिंकं, एक रोवळी, बैलांची मुसकी. आणि अगदी कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवलेलं, धुरानं काळंभोर झालेलं एक भलंमोठं काहीतरी. अर्धी होडी उभी करून ठेवावी तसं. मी ते ओढलं तर वाळक्या पानांचा चुरा अंगावर आला. खाली टेम्पो उभा होता, त्यात टाकायला म्हणून उचलून आणलं, तर ओट्यावर बसलेली आजी एकदम म्हणाली, “अगं, त्ये टाकू नगंस. इरलं हाय त्ये माझं.”

मी आधी त्याचा फोटो काढला. स्टोरीला टाकला, ‘गेस करा’ म्हणून. चाळीस-पन्नास उत्तरं आली. बेबी क्रेडल, फिश ट्रॅप, झोपाळा, ‘तुझं नवीन हेल्मेट’. बरोबर उत्तर एकाचंच आलं, तोही भोरचा निघाला.

छत्री नव्हे, छप्पर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इरलं म्हणजे भातलावणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर घ्यायचं पावसाचं छप्पर. बांबूच्या पातळ कामट्यांची जाळीदार वीण करायची. अशा दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची किंवा सागाची पानं कौलांसारखी एकावर एक चढवत बसवायची आणि कडा आवळून टाकायच्या. समोरून उघडं, पाठीमागून कंबरेच्या खालपर्यंत.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इरलं हातात घेऊन बसले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ही वस्तू कुणीतरी खूप विचार करून बनवली आहे. मुळशीतला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला कळेल. ताम्हिणीकडे सरकलं की पाऊस सरळ पडतच नाही, तो आडवा येतो. छत्री पहिल्याच झोतात उलटी होते. शिवाय लावणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात चिखलात असतात, छत्री धरणार कोण? इरलं डोक्यावर आणि पाठीवर टेकतं, हात मोकळे राहतात. ती वाकते तेव्हा तेही तिच्याबरोबर वाकतं. पाणी पाठीवरून निथळून मागे पडतं. पानांच्या मधल्या पोकळीमुळे आत ऊबही राहते. प्लॅस्टिकचा कागद पाणी अडवतो, पण आत घामानं माणूस भिजतो, हे आजीचं निरीक्षण. “कागदात उकडतं. इरल्यात न्हाई उकडत.” संपला विषय.

आणि काळं का पडलं होतं? पावसाळा संपला की इरलं चुलीच्या वर टांगून ठेवायचं. धुरानं बांबूला कीड लागत नाही. पानं मात्र दर वर्षी, निदान दोन वर्षांनी, बदलायची. म्हणजे वस्तू विकत घ्यायची, वापरायची आणि फेकायची असं नाही. ती दर मृगाआधी पुन्हा थोडी बनवायची.

मग मी तो प्रश्न विचारला. “आजी, हे बनवलं कुणी?”

“वाडीवरची कातकरीण यायची एक. मृगाच्या आधी यायची, डोक्यावर चार-पाच इरली घेऊन. दोन पायल्या भात द्यायचा तिला. डालगंबी तिचंच, ही रोवळीबी तिचीच.”

“नाव काय तिचं?”

आजी थांबली. बराच वेळ थांबली. आमच्या आजीला तिच्या लग्नात आलेल्या प्रत्येक गाईचं नाव पाठ आहे. पौडच्या बाजारात तिनं पहिल्यांदा कुठल्या दुकानातून लुगडं घेतलं तेही ती सांगते. पण तीसेक वर्षं दर उन्हाळ्यात दारात येणाऱ्या, पाणी पिऊन, चार शब्द बोलून जाणाऱ्या बाईचं नाव तिला आठवलं नाही. “कातकरीणच म्हणायचो की आम्ही,” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “इचारलंच न्हाई कधी.”

नावातच कात

इरलं काही फक्त कातकऱ्यांचं नाही. मावळ-मुळशीपासून कोकणापर्यंत शेतकरी, ठाकर, महादेव कोळी, सगळेच ते वापरायचे आणि कित्येक जण घरीच बनवायचे. पण आमच्या माळ्यावरच्या वस्तूंचा माग काढताना मी कातकऱ्यांपाशी पोचले आणि तिथेच अडकले.

खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी किंवा काथोडी. पानात घालतो तोच कात. पुढे जंगलं राखीव झाली, खैर तोडणं बंद झालं, तो धंदा गेला आणि फक्त नाव उरलं. मग कोळसा भट्ट्या, आता वीटभट्ट्या. दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात कातकरी सुमारे २ लाख ८५ हजार होते. रायगड, ठाणे-पालघर आणि पुणे जिल्ह्यात ते प्रामुख्यानं आहेत. केंद्र सरकारनं देशातल्या ७५ जमातींना ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ असा दर्जा दिलाय. त्यात महाराष्ट्रातल्या तीन : कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. म्हणजे देशातल्या सगळ्यात चकाचक आयटी पार्कपासून तासाभराच्या अंतरावर या यादीतली माणसं राहतात.

त्याच यादीत अंदमानचे जारवा आहेत. दक्षिण आणि मध्य अंदमानच्या जंगलात राहणारे, २०११च्या जनगणनेत फक्त ३८० जण. त्यांच्या वस्तूंबद्दल वाचायला लागले आणि वाचतच गेले. मध साठवायला एकाच लाकडातून कोरून काढलेली बादली. पाठीवर घ्यायची वेताची टोपली. झाडाच्या सालीचा छातीवर बांधायचा रुंद पट्टा. तो छातीचं रक्षण करतो आणि त्यातच सुरी, बाणही खोचून ठेवता येतात. म्हणजे चिलखतही तेच आणि खिसाही तोच. शिंपल्यांचे, पानाफुलांचे दागिने. धनुष्य जंगलातल्या लाकडाचं, पण बाणाचं टोक लोखंडाचं. जंगलात लोखंड कुठलं? फुटलेल्या जहाजांचं, किनाऱ्यावर वाहून आलेलं, बाहेरच्यांच्या वस्त्यांतून मिळवलेलं. ठोकून ठोकून त्याला धार आणलेली. ‘शुद्ध, अस्पर्शित आदिवासी’ असं जे आपण सिनेमात बघतो ना, ते इथेच गळून पडतं. चांगला कारागीर हाताशी येईल ते घेतो आणि आपल्या कामाला जुंपतो. जारवांनी लोखंड घेतलं तसंच वाडीवरची बाई आता कामट्या बांधायला कधी प्लॅस्टिकची सुतळी घेते.

जारवांच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यांच्या या वस्तू विक्रीला नाहीत. त्यांच्या राखीव जंगलात आपण जायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही. १९५६ पासून त्यासाठी खास कायदा आहे. तरी त्यांच्या जंगलातून अंदमान ट्रंक रोड गेलाच. १९९७च्या सुमारास जारवा स्वतःहून बाहेर येऊ लागले. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या रस्त्याचा राखीव जंगलातला भाग बंद करायचा आदेश दिला, तरी वाहतूक चालूच राहिली. आणि २०१२मध्ये खाण्याच्या बदल्यात जारवा मुलींना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर पोचला. त्यावर खूप गदारोळ झाला. कायद्यातली शिक्षाही कडक झाली.

तो मजकूर वाचून मी मनातल्या मनात पर्यटकांना शिव्या घातल्या. कसली माणसं असतात, वगैरे. हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

“आधी बस तर खरी”

इरल्याची पानं बदलून घ्यायची म्हणून मी आणि माझी मैत्रीण स्कूटर काढून निघालो. माणहून घोटावडे, पौड, मग मुळशीच्या रस्त्यानं पुढे. याच मुळशी धरणासाठी गावं बुडणार म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला होता, हे शाळेत वाचलेलं. आता त्या पाण्याकडे तोंड करून रिसॉर्ट आहेत. विचारत विचारत एका वाडीवर पोचलो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल.

पंधरा-वीस घरं. काही सरकारी योजनेतली पक्की, काही कुडाची. कुड म्हणजे कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी रोवून वर शेणमातीचा गिलावा. सह्याद्रीत कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. एका दारात साठीच्या पुढची एक आजी बसली होती. पायाच्या अंगठ्यात बांबूची पात धरून कोयत्यानं ती सोलत होती. एका हिरव्या बांबूतून कागदासारखी पातळ पट्टी निघत होती, एकसारखी, कुठे जाड नाही, कुठे तुटत नाही. मोजपट्टी नाही, खूण नाही.

मी काय केलं असेल? बरोबर. फोन काढला. नमस्कार नाही, नाव नाही, थेट व्हिडिओ. मनात कॅप्शनसुद्धा तयार होती.

तिनं कोयता खाली ठेवला. वर बघून म्हणाली, “आधी बस तर खरी, बाय.”

रागावली नव्हती. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंदमानच्या रस्त्यावर गाडीची काच खाली करून कॅमेरा बाहेर काढणारी माणसं आणि मी, यात फरक तो काय राहिला? मी फोन पिशवीत टाकला. आम्ही बसलो. तिच्या सुनेनं कोरा चहा आणला.

त्यानंतर दोन तासांत जे शिकले ते चार सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते. कोवळा बांबू हिरवा दिसतो छान, पण त्याला कीड लवकर लागते. तीन वर्षांचा जून बांबू हवा. पावसाळा सरल्यावर तोडायचा, तोही वद्य पक्षात, अंधाऱ्या रात्रींच्या दिवसांत, असा जुन्यांचा नेम. पाठीकडची, म्हणजे सालीकडची पट्टी चिवट. ती काठाला आणि बुडाला. पोटाकडची मऊ, ती भरायला. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याचं तोंड आतल्या बाजूला निमुळतं विणायचं, मासा पाण्याबरोबर आत सरकतो, पण बाहेर येताना कामट्यांची टोकं त्याला अडवतात. “वॉल्व्ह!” माझी मैत्रीण ओरडलीच. नॉन-रिटर्न वॉल्व्ह आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलो, सात मार्कांना.

आजीच्या हातावर बारीक बारीक चिरा होत्या. बांबूची धार पात्यासारखी असते. एका टोपलीला जवळजवळ अख्खा दिवस जातो, बांबू आणायचा वेळ वेगळा. बाजारात प्लॅस्टिकचं घमेलं स्वस्तात मिळतं आणि ते पाच पावसाळे टिकतं. मग टोपली घेणार कोण? लग्नाला सूप लागतं, पूजेला रोवळी-परडी लागते, तेवढंच. इरलं तिनं कित्येक वर्षांत विणलेलं नव्हतं.

“का सोडलं?” मी विचारलं. मला वाटलं, ती प्लॅस्टिकला नावं ठेवेल. तिनं हात करून डोंगर दाखवला. “बांबू कुठंय? खाली फार्महाऊसची कुंपणं पडली. वर गेलं, कोयता दिसला की हटकतात. पोरं भट्टीवं. इणायचं कशानं आन् शिकवायचं कुणाला?”

गवत की झाड?

हा प्रश्न विनोदी वाटेल, पण त्यावर देशात अनेक वर्षं भांडण झालंय. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. भारतीय वन कायद्यात मात्र तो ‘झाड’ होता. त्यामुळे तो तोडायला, न्यायला परवानग्या. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनउपज मानलं आणि तो गोळा करायचा, विकायचा हक्क गावाला दिला. कागदावरचा हक्क हातात यायला आणखी वेळ गेला. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाला २०११मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना प्रत्यक्ष मिळाला, ती देशभर गाजलेली गोष्ट. २०१७मध्ये वन कायदाच बदलला आणि जंगलाबाहेर वाढणारा बांबू ‘झाड’ राहिला नाही.

म्हणजे टोपली मरते ती फक्त प्लॅस्टिकमुळे नाही. हात जंगलापर्यंत पोचत नाही, तेव्हाही ती मरते. जारवांचं जंगल अजून मोठ्या प्रमाणात शाबूत आहे, म्हणून त्यांची लाकडी बादली संग्रहालयाबाहेरही जिवंत आहे. कातकऱ्यांचा कात गेला, कारण खैर त्यांच्या हातातून गेला. वस्तू टिकवायची म्हणजे आधी ती ज्या मातीतून येते ती वाट मोकळी ठेवायची.

ती वाट मोकळी झाली तर काय होतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलंय. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथली कोरकू माणसं आणि इतर कारागीर राख्यांपासून फर्निचरपर्यंत बांबूच्या वस्तू बनवू लागले. वारल्यांची भिंतीवरची चित्रं जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणली, त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आता ती चित्रं कुर्त्यावर, कपावर, मोबाइलच्या कव्हरवर आहेत. चांगलंच आहे. पण कव्हर विकत घेताना चित्र काढणाऱ्याचं नाव आपण कधी विचारलंय? मी तरी नाही.

काचेच्या आत, काचेच्या बाहेर

पुण्यात दोन ठिकाणी या वस्तू बघायला मिळतात. एक, कॅम्पातल्या क्वीन्स गार्डनमधलं आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय. ही संस्था १९६२ची. शेतीची अवजारं, शिकारीची, मासेमारीची साधनं, दागिने, मुखवटे, वाद्यं, सगळं तिथे आहे. दुसरं, शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी, दौती, दरवाजे असल्या घरातल्या वस्तू जमवल्या आणि आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं हे संग्रहालय उभं केलं. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा बायकांच्या हातातल्या अडकित्त्याला त्यांनी मान दिला.

मी दोन्हीकडे गेले. क्वीन्स गार्डनमध्ये दुपारच्या वेळी आम्ही दोघी सोडून फारसं कुणी नव्हतं. काचेआडच्या वस्तूंकडे बघताना वाडीवरचे ते हात आठवत राहिले. संग्रहालयाच्या पाट्यांवर वस्तूचं नाव असतं, जमातीचं नाव असतं. बनवणाऱ्याचं बहुधा नसतं. त्यात संग्रहालयाचा दोष नाही. आपण सगळ्यांनीच कधी विचारलं नाही. आमच्या आजीसारखं.

परत माणला

वाडीवरच्या आजीनं आमच्या इरल्याचा सांगाडा हातात घेऊन उलटसुलट केला. काठाच्या विणीवरून बोट फिरवलं. ही वीण आमच्याकडची नाही, डोंगरापलीकडच्या बायकांची आहे, असं ती म्हणाली. म्हणजे विणकाम हीच सही. नाव जरी हरवलं तरी हात ओळखू येतो.

तिनं दोन मोडक्या कामट्या बदलल्या. पानं मात्र मला आणायला लावली आणि कशी चढवायची ते दाखवून माझ्याकडून लावून घेतली. माझी ओळ वाकडी गेली. “गळंल तिथं,” ती म्हणाली, “पर राहू दे. कळंल तुला कुठं गळतंय ते.” पैसे किती, विचारलं तर तिनं संकोचून अगदीच थोडे सांगितले. आम्ही दिवसभराच्या मजुरीचा हिशोब करून दिले. इथे एक गोष्ट कबूल करते : आमच्या दृष्टीनं ती रक्कम आमच्या एका शनिवारच्या कॅफेच्या बिलापेक्षा कमी होती.

निघताना मी तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. पेपरात लिहू का, विचारलं, तर हसून मान हलवली, “नगं.” म्हणून लिहीत नाही. फोटोही नाही.

घरी आले, इरलं ओसरीत टेकवलं आणि आजीला त्या बाईचं नाव सांगितलं. आजीनं ते एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. मग विचारलं, “पोरंबाळं किती हायत तिला?” मला माहीत नव्हतं. “मग पुन्हा जाशील तवा इचार,” आजी म्हणाली. “मलाबी ने.”

नव्या इमारतीत माळा नाही. इरलं कुठे ठेवायचं यावरून घरात अजून वाद चालू आहे. काकांचं म्हणणं, लिफ्टजवळच्या भिंतीवर लावू, भारी दिसेल. आजी ऐकायला तयार नाही. खालच्या कोपऱ्यातलं आमचं अर्धा एकर भाताचं खाचर अजून शाबूत आहे, आंबेमोहोर लावायचाय. पहिल्या दिवशी इरलं मी घ्यायचं, असं तिनं फर्मान काढलंय. कुठे गळतंय ते तेव्हाच कळेल.

तुम्हीही जाणार असाल तर...

• क्वीन्स गार्डनमधलं आदिवासी संग्रहालय आणि शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय एकाच दिवशी आरामात होतात. वेळा आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा.

• घरातल्या जुन्या माणसाला एक वस्तू दाखवून तीन प्रश्न विचारा : कशाची आहे, कशी वापरायची, कुणी बनवली. तिसऱ्या प्रश्नावर थांबा.

• वाडीवर, पाड्यावर जाताना कॅमेरा शेवटी. आधी बसा, बोला, विचारा. ‘नको’ म्हटलं तर नको.

• हातानं बनवलेली वस्तू घेताना घासाघीस करण्याआधी ती बनवायला किती वेळ लागला ते विचारा.

• आणि जारवांच्या जंगलात ‘टूर’ नेतो असं कुणी म्हणालं, तर त्याला स्पष्ट नाही सांगा. कायदाही तेच सांगतो.